प्रेषित बर्थलमय आणि कल्याण : पुरावा नेमका कुठवर जातो?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

२४ ऑगस्ट हा प्रेषित बर्थलमयाचा सण. त्या सुमारास पुरवण्यांतून, धर्मग्रामांच्या स्मरणिकांतून आणि आता मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरांतूनही एक विधान हमखास वाचायला मिळते : येशूच्या बारा शिष्यांपैकी बर्थलमय इ.स. ५५ च्या सुमारास कल्याण बंदरात उतरला आणि कोकणातली पहिली ख्रिस्ती मंडळी त्याने उभी केली. कुठे साल गाळलेले असते, कुठे त्याला ठार करणाऱ्या राजाचे नावही दिलेले असते. वसई, ठाणे, मुंबई, रायगडातल्या ख्रिस्ती वाचकांना हे वाचून आनंद होतो आणि तो होणे स्वाभाविक आहे. पण या विधानामागे काय आहे, ते क्वचितच कुणी उलगडून सांगते. म्हणून हे पत्र. आमचे मत आधीच सांगतो. बर्थलमयाचे कोकणात येणे ही एक शक्यता आहे, तीही फार बळकट नव्हे. ती घडलेली गोष्ट म्हणून छापल्याने कल्याणच्या ख्रिस्ती इतिहासातला खरोखरचा भक्कम पुरावा मागे पडतो, याचे आम्हाला अधिक वाईट वाटते.

बारा जणांत बर्थलमयाविषयी नव्या करारात जवळजवळ काहीच नाही. त्याचे नाव चार वेळा येते आणि चारही वेळा ते फक्त यादीत येते : मत्तय १०:३, मार्क ३:१८, लूक ६:१४ आणि प्रेषितांची कृत्ये १:१३. त्याच्या तोंडचे एक वाक्य नाही, त्याने केलेले एक काम नाही. पहिल्या तीन शुभवर्तमानांत तो फिलिपाच्या लगेच पाठोपाठ येतो. प्रेषितांच्या कृत्यांत मात्र दोघांच्या मध्ये थोमा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात बर्थलमय हे नावच नाही. तिथे फिलिप ज्याला येशूकडे आणतो तो काना गावचा नथनेल आहे. फिलिपाची ही जोडी धरून बर्थलमय आणि नथनेल एकच, असे मानण्याची पद्धत साधारण नवव्या शतकापासून रूढ झाली. त्याआधी संत ऑगस्टिनसारख्यांनी नथनेलाला बारा जणांत धरलेलेच नव्हते. सणाच्या प्रवचनात अंजिराच्या झाडाखालचा नथनेल यायला हरकत नाही, उपासनेत ते वाचन ठरलेलेच आहे. पण बर्थलमयाचे चरित्र लिहिताना नथनेलाची माहिती त्याच्या नावावर टाकली, तर पहिल्याच पानावर परंपरा आणि पुरावा यांची सरमिसळ होते.

आता भारताकडे वळू. बर्थलमयाला भारताशी जोडणारा हाती असलेला सर्वांत जुना मजकूर युसेबियस या चर्च-इतिहासकाराचा आहे : त्याच्या इतिहासाच्या पाचव्या ग्रंथातले दहावे प्रकरण. हा इतिहास इ.स. ३२५ च्या सुमारास पुरा झाला. युसेबियस लिहितो ते असे : अलेक्झांड्रियाच्या धर्मशिक्षण शाळेचा प्रमुख पँतेनस, जो आधी स्टोइक पंथाचा तत्त्वज्ञ होता, तो भारतीयांकडे गेला असे म्हणतात. तिथे ख्रिस्ताला ओळखणाऱ्या काही लोकांजवळ मत्तयाचे शुभवर्तमान त्याला आढळले अशी वार्ता आहे. बर्थलमयाने त्यांना उपदेश केला होता आणि हिब्रू लिपीतले ते पुस्तक त्यांच्यापाशी ठेवले होते. काळ सम्राट कोमोडसच्या कारकिर्दीच्या आरंभीचा, म्हणजे इ.स. १८० च्या आसपासचा.

यात दोन गोष्टी नीट पाहायला हव्यात. युसेबियसने एकाच वाक्यात दोनदा ‘असे म्हणतात’ या अर्थाचे शब्द घातले आहेत. तो काळजीपूर्वक लिहिणारा माणूस होता; हातात दस्तऐवज असला की तो उतारेच्या उतारे देतो. इथे तो ऐकीव माहिती देतो आहे आणि तसे सांगतोही आहे. मराठीत हा मजकूर उतरताना सर्वांत आधी गळतात ते नेमके हेच शब्द. दुसरी गोष्ट अंतराची. बर्थलमय आणि पँतेनस यांच्यात सव्वाशे वर्षे आहेत, पँतेनस आणि युसेबियस यांच्यात आणखी सुमारे १४० वर्षे. बर्थलमयाला पाहिलेला एकही माणूस या साखळीत नाही.

पुढे जेरोम या लॅटिन धर्मपंडिताने इ.स. ३९२-९३ मध्ये थोरांची चरित्रे लिहिली. त्यात ३६ वे चरित्र पँतेनसचे आहे. तिथे तपशील वाढलेले दिसतात. आता भारतातून दूत आले होते, त्यांच्या विनंतीवरून अलेक्झांड्रियाचा बिशप दिमेत्रियस याने पँतेनसला पाठवले आणि परतताना त्याने ते हिब्रू शुभवर्तमान अलेक्झांड्रियाला आणले. एका पत्रात जेरोम असेही म्हणतो की पँतेनसला ब्राह्मणांना उपदेश करण्यासाठी धाडले होते. हे वाचून अनेकांना भारत पक्का झाल्यासारखे वाटते. पण दिमेत्रियस बिशप झाला इ.स. १८९ च्या सुमारास. युसेबियसच्या हिशेबात पँतेनसच्या प्रवासाच्या वेळी अलेक्झांड्रियाच्या गादीवर ज्युलियन होता. पूर्वीच्या लेखकाला ठाऊक नसलेले तपशील सत्तर वर्षांनी नंतरच्या लेखकाला कुठून मिळाले, हे जेरोम सांगत नाही. ब्राह्मणांचा उल्लेखही त्या काळच्या ग्रीक-रोमन वाचकांत ‘भारत’ म्हटले की आपोआप येणारा होता.

याहून महत्त्वाचे एक मौन आहे. पँतेनसचा सर्वांत नामांकित विद्यार्थी अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट. त्याने ब्राह्मणांविषयी आणि श्रमणांविषयी लिहिले आहे. बुद्धाचे नाव घेणाऱ्या पहिल्या ग्रीक लेखकांत तो मोडतो. भारताविषयी एवढे कुतूहल असलेला हा शिष्य स्वतःच्या गुरूच्या भारतप्रवासाविषयी आणि तिथे सापडलेल्या शुभवर्तमानाविषयी, त्याच्या आज उपलब्ध लिखाणात, एक अक्षर लिहीत नाही. मौन म्हणजे नकार नव्हे, त्याचे बरेच लिखाण नष्टही झाले आहे. तरी हे मौन वजनात धरावे लागते.

यापुढचा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे आणि मराठी लेखनात तो जवळजवळ कधीच विचारला जात नाही : कोणता भारत? चौथ्या-पाचव्या शतकातल्या ग्रीक आणि लॅटिन लेखकांच्या लेखी ‘भारत’ हा शब्द तांबड्या समुद्राच्या तोंडापासून पुढच्या सगळ्या किनाऱ्यांना लागत असे. इथिओपियातले अक्सुम, येमेन, मलबार, कोकण, सगळे त्यात येई. रुफिनस या लॅटिन लेखकाने इ.स. ४०२ च्या सुमारास प्रेषितांनी जग वाटून घेतल्याचे लिहिले : थोमाला पार्थिया, मत्तयाला इथिओपिया आणि बर्थलमयाला त्या इथिओपियाला लागून असलेला अलीकडचा भारत. त्याच शतकात सॉक्रेटिस नावाच्या चर्च-इतिहासकारानेही इथिओपियाला लागून असलेला भारतच बर्थलमयाला दिला. आणि फिलोस्तोर्गियस, ज्याचा इतिहास आपल्याला फोटियसने केलेल्या सारांशातून मिळतो, तर अगदी स्पष्ट आहे. बर्थलमयाच्या उपदेशाने ख्रिस्ती झालेले हे आतले भारतीय म्हणजे पूर्वी ज्यांना साबियन म्हणत आणि आता होमेराइट म्हणतात ते, असे तो लिहितो. होमेराइट म्हणजे हिम्यार राज्याचे लोक, आजचे येमेन. सम्राट कॉन्स्टॅन्शियसने चौथ्या शतकाच्या मध्याला थिओफिलस याला वकील म्हणून त्यांच्याकडे पाठवले होते, त्या प्रसंगात हे येते.

म्हणजे, बर्थलमयाच्या ‘भारता’ची हद्द ज्या तिघांनी सांगितली त्यांपैकी एकही कोकणाकडे बोट दाखवत नाही. तिघेही तांबड्या समुद्राच्या तोंडाकडे दाखवतात.

हिब्रू लिपीतले पुस्तकही त्याच दिशेला जाते. असे पुस्तक वाचणारा, निदान जपणारा, ज्यू समाज जिथे असेल तिथेच ते सापडणार. हिम्यारमध्ये ज्यूंची वस्ती आणि प्रभाव शिलालेखांतून सिद्ध आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस तिथल्या राजांनीच ज्यू धर्माकडे कल घेतला. कोकणाच्या बाजूने बोलणारे इथे बेने इस्रायलींचा दाखला देतात. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून आलेल्या पूर्वजांची त्यांची परंपरा जुनी आहे आणि आदराने घ्यावी अशी आहे. मात्र त्याच परंपरेनुसार त्यांच्यापाशी सुंता, शब्बाथ आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढे उरले होते, ग्रंथ नव्हते. त्यामुळे पँतेनसच्या काळी कोकणात हिब्रू शुभवर्तमान वाचणारी मंडळी होती, असे बेने इस्रायलींवरून म्हणता येत नाही.

त्या पुस्तकाविषयीही जरा थांबायला हवे. मत्तयाने हिब्रूत लिहिले, असे दुसऱ्या शतकातल्या पापियास या बिशपाचे म्हणणे युसेबियसने नोंदवले आहे. पण आपल्या हातात असलेले मत्तयाचे शुभवर्तमान ग्रीकमध्येच रचलेले आहे आणि ते मार्काच्या ग्रीक शुभवर्तमानाचा आधार घेऊन लिहिलेले आहे, हे आज बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा पँतेनसला खरोखर काही सापडले असेल, तर ते ज्यू-ख्रिस्ती मंडळ्यांत चालणारे दुसरे एखादे शुभवर्तमान असू शकते. जेरोमनेही असे एक पुस्तक पाहिले होते आणि काही काळ त्याला ते मत्तयाचे मूळ वाटले होते.

कल्याणच्या बाजूने काय आहे तेही पुरेपूर सांगितले पाहिजे. पहिली बाब प्रवासाची. पहिल्या शतकात इजिप्तहून कोकणात येणे ही रोजच्या व्यापारातली गोष्ट होती. रोमन लेखक प्लिनीने वेळापत्रकच दिले आहे. नाईलवरच्या कोप्टोसहून उंटांच्या तांड्याने बेरेनिके बंदरापर्यंत १२ दिवस. ऐन उन्हाळ्यात तिथून निघून तांबड्या समुद्राच्या तोंडाशी ओकेलिसपर्यंत सुमारे ३० दिवस. पुढे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर केरळातल्या मुझिरिस बंदरापर्यंत ४० दिवस. परतीला डिसेंबर-जानेवारीतले ईशान्य वारे. इजिप्तच्या मायोस होर्मोस बंदरातून वर्षाला १२० जहाजे भारताकडे निघत, असे त्याआधी ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवले आहे. कार्ल्याच्या लेण्यात यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत, कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची. रस्ता होता, माणसे ये-जा करत होती. एखादा गालिली उपदेशक यातल्या एका जहाजावर बसला असेल, यात अशक्य काही नाही. पण रस्ता होता म्हणून अमुक माणूस त्यावरून चालला, असे होत नाही. हा घोटाळा प्रेषितांच्या सगळ्याच भारतकथांत होतो.

शिवाय नेमक्या त्याच वर्षांत कल्याणचे बंदर अडचणीत होते. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकाच्या मध्याच्या ग्रीक नाविक-पुस्तिकेच्या ५२ व्या कलमात म्हटले आहे की थोरल्या सारगनसच्या काळी कल्याण ही रीतसर बाजारपेठ होती. पुढे ते सांदनेसच्या ताब्यात गेल्यापासून तिथला व्यापार फार अडवला जातो आणि चुकून तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरूचला नेली जातात. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यातली ही नाकेबंदी असावी. इ.स. ५५ हे साल छापणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे. त्या वर्षी कुणी आलाच असेल तर भरूचला किंवा सोपाऱ्याला उतरून खुष्कीने आला असेल. कल्याणला ग्रीक जहाजातून उतरणे त्या काळी सर्वांत कठीण होते. ५५ या आकड्याला जुन्या कोणत्याही लेखकाचा आधार नाही, हेही सांगून टाकतो. युसेबियस, जेरोम, रुफिनस यांच्यापैकी कुणीच साल दिलेले नाही.

दुसरी बाब नावाची. काही उत्तरकालीन ग्रीक याद्यांत बर्थलमयाने ‘सुखी’ म्हणवल्या जाणाऱ्या भारतीयांना उपदेश केला असे येते. कल्याण या शब्दाचा अर्थ तोच, म्हणून ‘सुखी भारत’ म्हणजे कल्याण, अशी मांडणी विसाव्या शतकात झाली आणि आजचे मराठी लेखन बहुतांशी तिच्यावर उभे आहे. मांडणी कल्पक आहे. पण ‘सुखी’ हे विशेषण ग्रीक भूगोलात आधीच एका प्रदेशाला कायमचे चिकटलेले होते : सुखी अरबस्तान, म्हणजे पुन्हा येमेन. पेरिप्लसचा लेखक तर एडनच्या बंदराला थेट ‘सुखी अरबस्तान’ याच नावाने ओळखतो.

तिसरी बाब राजाची, आणि इथे सर्वांत जास्त चुका होतात. बर्थलमयाच्या हौतात्म्याची एक लॅटिन कथा आहे, त्याच्या मृत्यूनंतर काही शतकांनी लिहिलेली. तिच्यात अस्तारोथ नावाची मूर्ती गप्प होते, बेरिथ नावाची दुसरी मूर्ती बर्थलमयाचे वर्णन करते (काळे कुरळे केस, मोठे डोळे, दिवसा शंभर वेळा आणि रात्री शंभर वेळा गुडघे टेकून प्रार्थना करणारा), पोलिमियस राजाची मुलगी बरी होते, राजा बाप्तिस्मा घेतो आणि त्याचा भाऊ अस्त्रिगेस बर्थलमयाला ठार करवतो. पोलिमियस म्हणजे पुळुमावी आणि अस्त्रिगेस म्हणजे अरिष्टकर्ण, अशी जुळणी काही अभ्यासकांनी केली. ऐकायला ती मोहक आहे, कारण तोलेमीच्या भूगोलातही पैठणच्या राजाचे नाव पोलेमायोससारखेच येते. पण नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातल्या लेखाने आपल्याला माहीत असलेला वासिष्ठीपुत्र पुळुमावी दुसऱ्या शतकातला आहे. येशूच्या बरोबरीचा माणूस तोवर सव्वाशे वर्षांचा झाला असता. म्हणून मग पुराणांतल्या वंशावळीतला आधीचा पुलोमावी पुढे केला जातो, ज्याच्यामागे अरिष्टकर्णाचे नाव येते. त्या राजाला पुराणांच्या यादीपलीकडे आधार नाही. दुसरीकडे पोलेमोन हे नाव पहिल्या शतकातल्या पोंटसच्या राजाचे होते, तेही काळ्या समुद्राच्या काठी, आर्मेनियाच्या शेजारी. अस्त्यागेस हे मीड राजाचे प्रसिद्ध नाव. अस्तारोथ ही तर सीरिया-पॅलेस्टाइनकडची देवता. या कथेत कोकणातली एकही खूण नाही : ना गावाचे नाव, ना देवतेचे, ना नदीचे.

आर्मेनियाचा दावा वेगळ्या जातीचा आहे. आर्मेनियन प्रेषितीय चर्च तद्दय आणि बर्थलमय या दोघांना आपले संस्थापक मानते, त्याचे हौतात्म्य आल्बानोपोलिस या नगरात झाले असे धरते, आणि आजच्या तुर्कस्तानातल्या बाश्कालेजवळ त्याच्या नावाच्या मठाचे भग्न अवशेष उभे आहेत. तिथेही पहिल्या शतकातला पुरावा नाही. पण उपासना, मठ, यात्रा, पंचांग यांची शतकानुशतकांची अखंड परंपरा आहे. केरळात थोमाच्या बाबतीतही तेच आहे : सात चर्चांची यादी, मार्गमकळीची गीते, घराण्यांच्या आठवणी. शिवाय थोमाच्या कथेतला गोंडोफरनेस राजा नाण्यांवर आणि आजच्या पाकिस्तानातल्या तख्त-ए-बाहीच्या लेखात प्रत्यक्ष सापडला. कोकणात बर्थलमयाची अशी गाणी नाहीत, जुने तीर्थ नाही. गोव्यात चोडण बेटावर त्याच्या नावाचे चर्च आहे, पण ते पोर्तुगीज काळातले. वसईच्या ख्रिस्ती समाजाची मुळे आज जशी दिसतात ती बहुतांशी डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेल्यानंतरच्या धर्मप्रसारात आहेत, आणि ते मान्य केल्याने त्या समाजाचे काहीही उणे होत नाही.

त्याच्या अवशेषांचा प्रवासही भारताच्या बाजूने बोलत नाही. सहाव्या शतकाच्या आरंभी ते मेसोपोटेमियातल्या दारा शहरात होते असे म्हणतात, त्याच शतकात सिसिलीजवळच्या लिपारी बेटावर, नवव्यात बेनेव्हेंतोला, दहाव्यात रोमला टायबर नदीतल्या बेटावर. या साखळीत मोठ्या फटी आहेत, पण तिची सुरुवात कुठेही समुद्रापलीकडच्या भारतात होत नाही. कातडी सोलल्याची कथाही उशिराची. मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम न्याया’त स्वतःची कातडी हातात धरलेला बर्थलमय त्याच कथेतून आला.

आता भक्कम पुराव्याकडे. कॉस्मास हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी पुढे संन्यस्त झाला आणि इ.स. ५५० च्या सुमारास त्याने आपले भूगोलाचे पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की सिंहलात पर्शियन ख्रिस्ती लोकांचे चर्च आहे, मिरी पिकते त्या माले देशात (मलबारात) ख्रिस्ती आहेत आणि कल्लियाना नावाच्या ठिकाणी पर्शियात दीक्षित झालेला बिशप असतो. हे कल्लियाना उडुपीजवळचे कल्याणपूर असावे असे काही जण म्हणतात. पण कॉस्माससमोर बंदरांची रांग आहे : सिंधू, ओर्रोथा, कल्लियाना, सिबोर आणि मग मालेची पाच बंदरे. उत्तरेकडून दक्षिणेकडे येणाऱ्या या रांगेत सिबोर म्हणजे चौल. चौलच्या आधी येणारे कल्लियाना हे आपलेच कल्याण असणे सर्वांत सरळ आहे. तिथून तांबे, लाकडाचे ओंडके आणि कापड निर्यात होई, हेही तो नोंदवतो.

याचे महत्त्व किती ते लक्षात घ्या. हा समकालीन लेखक आहे, ‘असे म्हणतात’ न लिहिता सांगणारा, व्यापारामुळे या समुद्राची खबर असणारा. पोर्तुगीजांच्या जवळजवळ एक हजार वर्षे आधी उल्हास नदीच्या खाडीवर बिशपची गादी होती. बिशप होता म्हणजे धर्मगुरू होते, बाप्तिस्मे होत, आखाताशी नियमित ये-जा होती. त्या बिशपचे नाव आपल्याला मिळत नाही. तो प्रेषितही नव्हता, म्हणून कदाचित त्याच्यावर कुणी पुरवणी काढत नाही. बर्थलमयाविषयी कॉस्मासने काहीही लिहिलेले नाही, आणि पर्शियन ख्रिस्ती व्यापाऱ्यांनी वसवलेल्या मंडळीला तशा संस्थापकाची गरजही नव्हती.

हा धागा पुढे ठाण्यात दिसतो. एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठार झाले : तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमेत्रियस. त्यांच्या अस्थी पुढे चीनला नेणाऱ्या ओदोरिक या फ्रान्सिस्कनाने लिहिले आहे की तेव्हा ठाण्यात नेस्तोरियन, म्हणजे पर्शियन चर्च-परंपरेच्या, ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. कॉस्मासपासून ओदोरिकपर्यंत पावणेआठशे वर्षे जातात. मधला काळ जवळजवळ कोरा आहे, आणि तो भरून काढणे हे मराठी अभ्यासकांपुढचे खरे काम आहे.

म्हणून स्मरणिका आणि पुरवण्यांच्या संपादकांना आमची विनंती अशी की मजकूर साधारण पुढीलप्रमाणे छापावा : ‘बर्थलमयाने भारतात उपदेश केला असे चौथ्या शतकातल्या युसेबियसने ऐकीव माहितीच्या आधारे लिहिले. हा भारत म्हणजे येमेन किंवा इथिओपियाचा शेजार, असे नंतरच्या लेखकांवरून दिसते. काही आधुनिक अभ्यासकांनी तो कल्याण मानला आहे. कल्याणमध्ये ख्रिस्ती मंडळी असल्याचा स्पष्ट उल्लेख सहाव्या शतकातला आहे.’ चार वाक्यांत सगळे येते. इ.स. ५५ हा आकडा आणि पुळुमावीचे नाव काढून टाकावे. ‘परंपरेनुसार’ हा शब्द घालून वेळ मारून नेऊ नये, कारण कोकणात ही परंपरा नाही; ती विसाव्या शतकातली मांडणी आहे आणि तसेच म्हणावे.

शेवटी कल्याण, ठाणे, वसई पट्ट्यात राहणाऱ्या वाचकांसाठी एक प्रत्यक्ष उपयोगाची गोष्ट. २००१ मध्ये गोव्यात झुआरीकाठी आगशी इथे (वसईची आगाशी नव्हे) पहलवी, म्हणजे जुन्या पर्शियन, लिपीतला लेख असलेला दगडी क्रूस मिळाला. तसेच क्रूस चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर आणि केरळात कोट्टायम, मुट्टुचिरा, कडमट्टम इथे आहेत. आपल्या खाडीकाठी असा दगड निघाला, तर कॉस्मासच्या त्या एका ओळीला पहिल्यांदा जमिनीतून दुजोरा मिळेल. ओळखायचा तो असा : सपाट शिळेवर उठावात कोरलेला, हात साधारण सारख्या लांबीचे, प्रत्येक टोकाला कळीसारखा फुगवटा, पायाशी पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना वळलेली पाने, वर कमान, आणि त्या कमानीच्या कडेने फिरणारी बारीक, आपल्याला अनोळखी अक्षरे. पोर्तुगीज काळातले क्रूस वेगळे असतात : खालचा दांडा लांब, वर रोमन अक्षरे, पायथ्याशी पुष्कळदा कवटी आणि हाडे, कधी साल.

पायाच्या खोदाईत, विहिरीच्या गाळात किंवा जुन्या भिंतीत असा दगड दिसला तर तो हलवण्याआधी जागेवरच फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा, सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात आणखी एक फोटो घ्या; अक्षरे तेव्हाच उठून दिसतात. तारेच्या ब्रशने घासू नका, ॲसिड लावू नका, चुना किंवा ऑइलपेंट तर मुळीच नको, कारण झिजलेल्या लेखातली उरलीसुरली रेघ त्यातच जाते. आसपासच्या मातीतली खापरे टाकून देऊ नका. काळ ठरवायला त्यांचीच मदत होते. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ती कुठे, कधी आणि काय मिळाली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते; त्याची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व खात्याला द्यावी आणि पोच घ्यावी.

कळावे,

आपले,
प्रारंभीच्या ख्रिस्ती इतिहासाचे काही अभ्यासक,
वसई